शब्दांची गोत्रे : रेस्पाइट, म्हणजे नुसती उसंत नव्हे

मे महिन्यात आमच्या बोरसीत एखाद्या संध्याकाळी वावटळ उठते, चार थेंब पडतात आणि तासभर कूलर बंद ठेवता येतो. दुसऱ्या दिवशी हिंदी पेपरात ‘गर्मी से राहत’ असा मथळा येतो, तर इंग्रजी पेपरात ‘रेस्पाइट फ्रॉम हीट’. दुपारपर्यंत ऊन पुन्हा होते तसेच. गेल्या आठवड्यात आपण ‘रिलीफ’ पाहिला. त्याच्या आणि रेस्पाइटच्या अर्थात फरक आहे तो इथेच. रेस्पाइटमध्ये त्रास परत येणार हे धरलेलेच असते. आपल्याकडे त्याला ‘उसंत’ म्हणतात. कोर्टकचेरीत ‘मुदत’, सरकारदरबारी ‘तहकुबी’.

आधी उच्चार. जोर पहिल्या अक्षरावर. ब्रिटनमध्ये ‘रेस्पाइट’, अमेरिकेत ‘रेस्पिट’. ‘रिस्पाइट’ मात्र क्वचितच.

आता गोत्र. लॅटिनमध्ये ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे आणि ‘रेस्पेक्टुस’ म्हणजे मागे वळून पाहणे, विचारात घेणे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘रेस्पित’ झाले आणि तेराव्या शतकात ते इंग्रजीत शिरले. पुढे याच रेस्पेक्टुसवरून ‘रिस्पेक्ट’ही आला. म्हणजे आदर आणि उसंत ही सख्खी भावंडे. आपणही या कुळाला परके नाही. संस्कृतात ‘स्पश्’ म्हणजे पाहणे. त्यावरून ‘स्पश’ म्हणजे हेर आणि ‘स्पष्ट’ म्हणजे नीट दिसलेले. इंग्रजीतला ‘स्पाय’ही याच घरचा.

पाहण्यातून सवलत कशी निघाली? प्रकरणाचा फेरविचार करायचा तर वेळ द्यावा लागतो. तो वेळ म्हणजेच रेस्पाइट. मध्ययुगात देणेकऱ्याला मिळणाऱ्या वाढीव मुदतीलाही हाच शब्द होता.

याचे चोख उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात सापडते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. ठिकठिकाणी लोकांचा रोख एकाच गोष्टीवर होता : कर्जरोखे हिसकावून जाळायचे. कारण कोर्टात फिर्याद गेली की अंगठा उमटवलेला कागद पाहून हुकूमनामा निघे. मुळात हातात किती पैसे पडले, हे सहसा कोणी विचारत नसे. दंग्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्याने कर्ज सरसकट माफ केले नाही. न्यायाधीशाने रोख्यामागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल आणि व्याज वेगवेगळे मांडावे, जमत नसेल तर हप्ते बांधून द्यावेत, असे त्याने सांगितले. शेतकऱ्याला देण्यापायी तुरुंगात धाडणेही बंद केले. मागे वळून पाहणे आणि मुदत देणे, रेस्पाइटचे दोन्ही अर्थ एका कायद्यात आले.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना हा शब्द राज्यघटनेत भेटतो. अनुच्छेद ७२ राष्ट्रपतींना आणि १६१ राज्यपालांना दयेचे अधिकार देतो. त्यात ‘रिप्रीव्ह’ आणि ‘रेस्पाइट’ शेजारी शेजारी आहेत. हिंदी प्रतीत ‘प्रविलंबन’ आणि ‘विराम’. विद्यार्थी इथे हमखास घोटाळा करतात, कारण रोजच्या अर्थाने रेस्पाइट वाटणारी तात्पुरती स्थगिती म्हणजे इथे रिप्रीव्ह. रेस्पाइट म्हणजे, पाठ्यपुस्तकांच्या व्याख्येनुसार, गर्भारपण किंवा अपंगत्व यांसारखी विशेष परिस्थिती लक्षात घेऊन दिलेली सौम्य शिक्षा. व्यवहारात तात्पुरत्या सुटकेपुरता उरलेला हा शब्द कायद्यात मात्र लॅटिन आजोबांचे वळण राखून आहे. तिथे घड्याळाकडे नव्हे, समोरच्या माणसाकडे पुन्हा पाहिले जाते. म्हणूनच परीक्षेत व्याख्या आठवेनाशी झाली, तर ‘रिस्पेक्ट’ आठवावा.

(पुढील आठवड्यात : कर्जाच्या हप्त्यांमुळे २०२० मध्ये घरोघरी पोहोचलेला ‘मोरेटोरियम’)