सवलतीचा उंबरठा शाळेच्याच दारात

तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांचे बालपण वारसाहक्काच्या वादात गेले. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली ते शिकले. आजच्या अर्थाने ते पटावरचे शिक्षण नव्हे. १७९८ मध्ये गादीवर आल्यावर याच राजाने सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची व भोजनाची सोय लावली. त्यांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय तंजावरात १९५५ पासून उभे आहे. मात्र घरी शिकून राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी झालेली मुलगी तेथे दाखल झाली, तर राज्याने गेल्या काही वर्षांत आखलेल्या प्रमुख सवलतींच्या व्याख्येत ती बसत नाही.

याचे मूळ 'सहावी ते बारावी' या अटीत आहे. २०२० मध्ये अण्णा द्रमुक सरकारने वैद्यकीय प्रवेशात सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांना साडेसात टक्के जागा दिल्या. तेव्हाचे राज्यपाल, नागपूरचे माजी खासदार बनवारीलाल पुरोहित यांची संमती लांबताच सरकारने २९ ऑक्टोबरला स्वतःच आदेश काढला. दुसऱ्या दिवशी संमतीही आली. २०२१ मध्ये द्रमुक सरकारने हीच तरतूद अभियांत्रिकी, कृषी, विधी आदी अभ्यासक्रमांना लावून शुल्काचा भारही उचलला. २०२२ च्या 'पुदुमै पेण' योजनेत मुलींना आणि २०२४ च्या 'तमिळ पुदल्वन' योजनेत मुलांना दरमहा १००० रुपये देण्याचे ठरले. सत्ता बदलली, अट कायम राहिली.

या अटीला तर्क आहे. सरकारी शाळेतील मूल खासगी शिकवण्यांच्या स्पर्धेत मागे पडते, त्याची ही भरपाई होय. घरी शिकवणारी कुटुंबे बहुधा सुस्थितीत असतात, असा समज त्यामागे दिसतो. परंतु घरी शिकणारे प्रत्येक मूल हौसेने घरी नसते. आजारपण, अपंगत्व, घरची जबाबदारी हीही कारणे असतात. बहुविध वा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांचा घरी शिकण्याचा हक्क संसदेनेच २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षणहक्क कायद्यात मान्य केला. घर हे शिक्षणाचे ठिकाण असू शकते, हे तत्त्व त्यामुळे दिल्लीत नवे नाही.

शिवाय व्याख्या लवचिक होऊ शकते, याचा पुरावा याच कायद्यांत आहे. शिक्षणहक्काच्या राखीव जागेवर आठवीपर्यंत खासगी शाळेत शिकून पुढे सरकारी शाळेत आलेल्यांना आरक्षणात सामावून घेतले गेले. 'पुदुमै पेण'मध्येही पुढे अनुदानित शाळांतील तमिळ माध्यमाच्या मुली आल्या. म्हणजे गरज पटली की उंबरठा सरकतो.

मराठी वाचकांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक तमिळनाडूच्या गावोगावी आहेत. ज्या मुलाची सहावी-सातवी जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि पुढचे शिक्षण तिकडे झाले, त्याची साखळीही अशीच तुटते. शाळा सरकारीच, पण दुसऱ्या राज्याची! बदलीच्या नोकरीतील कनिष्ठ कर्मचाऱ्यांची मुले याच रांगेत उभी आहेत.

गैरवापराची भीती खरी आहे. तिच्यावर उपाय मात्र सरसकट नकार हा नव्हे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याची 'होप' शिष्यवृत्ती घरी शिकलेल्यांनाही मिळू शकते. प्रवेश परीक्षेतील गुण किंवा महाविद्यालयातील प्रत्यक्ष कामगिरी हा निकष तेथे लावला जातो. त्याला उत्पन्नाच्या मर्यादेची जोड दिली, तर सुस्थितीतील कुटुंबे आपोआप बाजूला होतील.

एप्रिल २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने साडेसात टक्क्यांचे आरक्षण वैध ठरवताना पाच वर्षांत त्याचा फेरआढावा घेण्यास सांगितले. तो आढावा केवळ टक्केवारीचा होऊ नये. मदत शाळेच्या इमारतीला द्यायची की विद्यार्थ्याच्या अडचणीला, हा प्रश्न त्यात आला पाहिजे. ओरत्तनाडूच्या छत्रात पंगतीला बसणाऱ्याला तो कोठे शिकून आला हे विचारण्याआधी पान वाढले जाई. कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याने निदान तेवढे औदार्य दाखवायला हरकत नसावी.