रुसलेली मोटार

(थंडीत मोटार थोडीशी चालवून लगेच बंद केली, तर ती पुन्हा सुरू होताना त्रास देते. असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे या पाठात सांगितले आहे.)

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे, तसाच थंडीसाठीही. हिवाळ्यात कधी कधी तेथील पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षबागांना थंडी बाधू नये म्हणून शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात.

अशाच एका पहाटेची ही गोष्ट. दादीजानच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. शस्त्रक्रियेसाठी त्यांना सकाळी ८ वाजता नाशिकच्या दवाखान्यात पोहोचायचे होते. निफाडपासून नाशिक सुमारे ४० किलोमीटर दूर. म्हणून अब्बा ५ वाजताच उठले. त्यांनी अंगणातली मोटार वीस पावले पुढे, रस्त्यावर आणून उभी केली आणि बंद केली. "उगाच पेट्रोल कशाला जाळायचे?" ते म्हणाले.

अर्ध्या तासाने दादीजान शाल गुंडाळून मोटारीत बसल्या. अब्बांनी किल्ली फिरवली. घर्र, घर्र, घर्र! इंजीन काही सुरू होईना. अब्बांनी पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. पेट्रोलचा वास सुटला. आवाज मंद मंद होत गेला आणि शेवटी नुसते 'टक टक' ऐकू येऊ लागले. दादीजान घाबरल्या. "आज जाणे होणार नाही, असे वाटते," त्या म्हणाल्या.

आवाज ऐकून शेजारचे मिस्त्रीचाचा धावत आले. "भाईजान, आता सेल्फ मारू नका," ते म्हणाले. "गाडी ओव्हर झाली आहे. दहा मिनिटे तिला विश्रांती द्या." मग त्यांनी आपला टेम्पो जवळ आणला. दोन जाड तारांनी टेम्पोची बॅटरी मोटारीच्या बॅटरीला जोडली. "अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि मगच किल्ली फिरवा." अब्बांनी तसे केले. काही क्षण घर्र घर्र झाले आणि इंजीन एकदम सुरू झाले! आम्ही वेळेवर नाशिकला पोहोचलो.

रविवारी मी मिस्त्रीचाचांकडे गेलो आणि विचारले, "चाचा, अंगणातून निघताना मोटार लगेच सुरू झाली होती. मग अर्ध्या तासाने ती का रुसली?"

चाचा हसले. म्हणाले, "बेटा, पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. आधी त्याची वाफ व्हावी लागते. ती वाफ हवेत मिसळते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेट घेते. एक भाग पेट्रोलाला वजनाने सुमारे १५ भाग हवा लागते. थंडीत ओले कपडे लवकर वाळत नाहीत ना? तसेच थंड इंजिनात पेट्रोलची वाफ लवकर होत नाही. म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त द्यावे लागते. जुन्या मोटारींत त्यासाठी चोक ओढत असत. आता मोटारीतला छोटा संगणक इंजीन थंड आहे हे ओळखतो आणि स्वतःच जास्त पेट्रोल सोडतो."

"मग जास्त पेट्रोलाचे काय होते?"

"इंजीन काही मिनिटे चालले, की ते तापते आणि उरलेले पेट्रोल वाफ होऊन जळून जाते. पण तुझ्या अब्बांनी इंजीन अर्ध्या मिनिटात बंद केले. पेट्रोल सिलिंडरच्या थंड भिंतींवर आणि प्लगवर तसेच राहिले. पुन्हा किल्ली फिरवली, तेव्हा इंजीन थंडच होते. संगणकाने पुन्हा जास्त पेट्रोल सोडले. प्लग आणखी भिजला. ओल्या, काजळी धरलेल्या प्लगवर ठिणगी नीट पडत नाही. यालाच आम्ही गाडी ओव्हर होणे म्हणतो."

"आणि आवाज मंद का झाला?"

"ती बॅटरीची गोष्ट. मोटारीचा समोरचा एक साधा दिवा सुमारे ५ अँपिअर वीज घेतो. इंजीन फिरवणारा स्टार्टर मात्र शंभराहून अधिक अँपिअर घेतो. खर्च झालेली वीज बॅटरीत परत भरायला इंजीन बराच वेळ चालावे लागते. वीस पावलांत ती कशी भरणार? शिवाय थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजिनातले तेल घट्ट होते. म्हणजे काम वाढते आणि बळ घटते."

"मग अ‍ॅक्सिलरेटर का दाबायला सांगितला?"

"तो पूर्ण दाबून किल्ली फिरवली, की पुष्कळ मोटारींत संगणक पेट्रोल सोडणे थांबवतो. नुसती हवा आत जाते आणि ओल कमी होते. पण एका वेळी पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये."

शेवटी चाचांनी मला दोन गोष्टी बजावल्या. मोटार थोडीशीच सरकवायची असेल, तर सपाट जागी ती हाताने ढकलावी. सुरू केलीच, तर दहा-पंधरा मिनिटे चालवून मग बंद करावी. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. इंजीन तापवण्यासाठी मोटार बंद खोलीत कधीही चालू ठेवू नये. तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. तो माणसाचा जीव घेऊ शकतो.

घरी येऊन मी हे सारे दादीजानना सांगितले. डोळ्यावरची पट्टी सुटल्यामुळे त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे मोटारही माझ्यासारखीच! थंडीत उठवली, तर तिला थोडे चालू द्यावे. लगेच बसवले, की पुन्हा उठणे कठीण!"

स्वाध्याय

१. अब्बांनी मोटार लगेच बंद का केली?
२. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल का लागते?
३. बॅटरीतील वीज का कमी झाली?
४. बंद खोलीत मोटार चालू का ठेवू नये?