व्हॅक्यूम क्लीनर घेताय? आधी घरातली फरशी बघा

व्हॅक्यूम क्लीनर घेताना बहुतेकांची नजर वॉटच्या आकड्यावर जाते. पण वॉट म्हणजे मशीन किती वीज खातं त्याचा आकडा. त्यावरून धूळ किती निघेल हे कळत नाही. निम्मं काम असतं ते जमिनीला टेकणाऱ्या ब्रशचं.

टाइल्स, कोटा, शहाबादी: धूळ वरच पडलेली असते. कडक केसांचा फिरता ब्रश ती ओढण्याआधीच उडवतो. इथे मऊ ब्रश पुरतो. टाइल्सच्या फटींसाठी अरुंद तोंडाची नळी हवी.

मार्बल आणि लाकडी फ्लोअरिंग: खरा धोका बारीक वाळूचा. ती चाकाखाली घासली की ओरखडे पडतात आणि मार्बलची गेलेली चमक पुन्हा पॉलिश केल्याशिवाय येत नाही. म्हणून मऊ ब्रश आणि रबरी चाकं पाहा.

गालिचा: धूळ धाग्यांच्या मुळाशी बसते. ती सुटायला फिरता ब्रशच लागतो. घरात फरशी आणि गालिचा दोन्ही असतील, तर फिरता ब्रश बंद करता येणारं मॉडेल घ्या.

रोबो घ्यायचा असेल, तर आधी उंबरठे मोजा. सुमारे 2 सेंटीमीटरपेक्षा उंच उंबरठा बरेच रोबो ओलांडत नाहीत.

सांडलेलं पाणी साध्या व्हॅक्यूमने कधीही ओढू नका. मोटर जळू शकते, शॉकही बसू शकतो. त्यासाठी ‘वेट अँड ड्राय’ प्रकारच हवा.

दुकानात मशीन उलटं करून ब्रश बघा, मग किंमत विचारा.