संगणकविषयक चांगली संकेतस्थळे कशी शोधावीत

सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञान या विषयांवरची उत्तम माहिती आज इंटरनेटवर बहुतांशी फुकट मिळते. प्रोग्रामिंगची भाषा ज्यांनी घडवली त्यांनीच लिहिलेली मार्गदर्शिका, आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्याने, अनुभवी अभियंत्यांचे ब्लॉग हे सारे साध्या मोबाइलवर उघडते. परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या शेतीवर जगणाऱ्या गावातला विद्यार्थी आणि पुण्याच्या नामांकित महाविद्यालयातला विद्यार्थी यांच्यासमोर उघडणारे पान एकच असते. फरक पडतो तो कोणते पान उघडावे हे सांगणारे कोणी जवळ आहे की नाही, याचा. शहरात ते वरच्या वर्गातली मुले सांगतात, आयटी कंपनीत नोकरी करणारा शेजारी सांगतो. गावात बहुधा स्वतःलाच शोधावे लागते. हे शोधणे शिकता येते आणि त्याचे मुख्य सूत्र साधे आहे: माहिती जिथे तयार झाली, त्या ठिकाणाच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे.

सूचीपासून शोधयंत्रापर्यंत

ब्रिटिश शास्त्रज्ञ टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या 'सर्न' या संशोधन संस्थेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली आणि 1991 मध्ये ती जगापुढे आली. जगातले पहिले संकेतस्थळ तंत्रज्ञानाविषयीच होते: वेब म्हणजे काय आणि तिचा वापर कसा करायचा, हेच त्यावर समजावून सांगितले होते. सुरुवातीला संकेतस्थळे इतकी थोडी होती की त्यांच्या याद्या माणसे हाताने करत. जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी 1994 मध्ये सुरू केलेले 'याहू' हे मुळात अशा निवडक दुव्यांची विषयवार सूचीच होते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू केली.

1998 मध्ये 'गूगल' कंपनी स्थापन झाली आणि शोधण्याची रीतच बदलली. एखाद्या पानाकडे इतर किती पाने आणि किती वजनदार पाने दुवा देतात, यावरून त्याचे महत्त्व ठरवण्याची पद्धत लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी आणली. हाताने केलेल्या याद्या त्यापुढे मागे पडल्या. मात्र शोधात वर येणे म्हणजे कमाई, हे उघड झाल्यावर केवळ वर येण्यासाठी पाने लिहिण्याचा धंदाही सुरू झाला. त्यामुळे शोधयंत्राने दाखवलेले पहिले पान सर्वांत चांगले असेलच असे नाही. त्यातही ज्यावर 'प्रायोजित' लिहिलेले असते ती जाहिरात असते.

मराठी वाचकाची अडचण आणखी वेगळी होती. सुरुवातीच्या अनेक मराठी संकेतस्थळांचे फाँट आपापले असत. इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. डोळ्यांना मराठी दिसे, पण संगणकाच्या साठ्यात इंग्रजी अक्षरांची निरर्थक जुळवाजुळवच असे. साहजिकच मराठी शब्द टाकून तो मजकूर शोधता येत नसे. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले होते आणि 'इस्की' ही भारतीय संकेतप्रणाली युनिकोडमधल्या देवनागरीचा आधार ठरली. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. संगणक आणि संकेतस्थळे त्याकडे वळली, तेव्हा कुठे मराठीतून शोध घेणे शक्य झाले.

माहितीचे चार थर

तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळे चार थरांत वाटून पाहिली की निवड सोपी होते.

पहिला थर मूळ दस्तऐवजांचा. पायथन भाषेची अधिकृत मार्गदर्शिका तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असते. वेबपाने बनवण्याच्या भाषांसाठी मोझिलाने 2005 मध्ये सुरू केलेले 'एमडीएन' जगभरचे व्यावसायिक रोज वापरतात. लिबर ऑफिसची मदतपुस्तिका ते सॉफ्टवेअर घडवणारेच प्रसिद्ध करतात. खुल्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड पुष्कळदा 'गिटहब'वर असतो. तिथे शेवटचा बदल कधी झाला, कोणत्या तक्रारी आल्या आणि त्यांवर काय उत्तर मिळाले, हे कोणालाही वाचता येते. मूळ दस्तऐवज नवख्याला अवघड वाटतो, पण शंका आली की शेवटचा निवाडा तिथेच होतो.

दुसरा थर शिकवणाऱ्या संकेतस्थळांचा. यात मराठी विद्यार्थ्याला सर्वांत जवळचा आहे तो आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरिअल' प्रकल्प. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली तो उभा राहिला आणि केंद्र सरकारने त्याला निधी दिला. लिनक्स, लिबर ऑफिस, पायथन, सायलॅब यांसारख्या खुल्या सॉफ्टवेअरचे साधारण दहा मिनिटांचे पाठ त्यावर आहेत. पडद्यावर सॉफ्टवेअर इंग्रजीतच चालताना दिसते आणि समजावणारा आवाज मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकू येतो. यामागचा विचार मोलाचा आहे. कामाच्या ठिकाणी मेनू आणि सूचना इंग्रजीत असतात, त्यांची ओळख सुटू नये. समज मात्र आपल्या भाषेत यावी. शिकणाऱ्याने पडद्याच्या एका भागात पाठ सुरू ठेवायचा, दुसऱ्या भागात तेच सॉफ्टवेअर उघडायचे आणि प्रत्येक पायरी थांबवून स्वतः करून पाहायची, अशी या पाठांची रचना आहे. पाठातले बोलणे वेळेच्या नोंदीसह लिखित स्वरूपातही मिळते. पाठ उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय दाखवता येतात, म्हणून जिथे वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो अशा शाळांना ते विशेष उपयोगी आहेत.

त्यापुढच्या अभ्यासासाठी आयआयटी आणि बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून चालवलेला 'एनपीटीईएल' आणि 2017 मध्ये सुरू झालेला केंद्र सरकारचा 'स्वयम्' हे मंच आहेत. अगदी प्राथमिक ओळखीसाठी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांमुळे माहीतच आहे.

तिसरा थर प्रश्नोत्तरांचा. 2008 मध्ये सुरू झालेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो'वर प्रोग्रामिंगच्या अडचणी आणि त्यांवरची उत्तरे साठलेली आहेत. वाचक उत्तरांना मते देतात, म्हणून चांगले उत्तर सहसा वर येते. तरी दहा वर्षांपूर्वी सर्वाधिक मते मिळालेले उत्तर आज जुने झालेले असू शकते. म्हणून खालची नवी उत्तरे आणि त्यांखालची टिपणे वाचल्याशिवाय थांबू नये.

चौथा थर ब्लॉगांचा. एखादी अडचण प्रत्यक्ष कामात कशी आली, कोणते उपाय फसले, कोणता चालला, हे ब्लॉगवर जितके मोकळेपणाने लिहिलेले असते तितके मार्गदर्शिकेत नसते. चांगल्या ब्लॉगची लक्षणे ठरलेली आहेत. लेखक कोण आणि कुठे काम करतो हे कळते, तारीख असते, कोड पूर्ण दिलेला असतो आणि तो चालवून पाहता येतो, मूळ दस्तऐवजाचे दुवे असतात, उपाय कुठे लागू पडत नाही हेही सांगितलेले असते. 'सर्वोत्तम दहा अॅप' छापाच्या आणि प्रत्येक ओळीत काहीतरी विकत घ्यायला लावणाऱ्या पानांत ही लक्षणे क्वचितच दिसतात. एक चांगला ब्लॉग सापडला की त्यातल्या दुव्यांवरून पुढचे चार सापडतात. शोधयंत्रापेक्षा ही वाट पुष्कळदा अधिक खात्रीची ठरते.

शोध घेण्याची रीत

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. पायथन शिकणारी विद्यार्थिनी एका ब्लॉगवरचा कार्यक्रम (प्रोग्राम) जसाच्या तसा उतरवते. त्यात 'प्रिंट' या शब्दापुढे अवतरणचिन्हांत मजकूर आहे, कंस नाहीत. कार्यक्रम चालत नाही. 'प्रिंट'पुढचे कंस राहिले, अशा अर्थाची इंग्रजी सूचना पडद्यावर येते. चूक तिची नसते. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत कंसाशिवाय लिहिणे चालत असे. डिसेंबर 2008 मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत कंस आवश्यक झाले. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल 1 जानेवारी 2020 पासून थांबली, पण तिच्यावर लिहिलेली असंख्य पाने अजून इंटरनेटवर आहेत आणि शोधात वरही येतात.

म्हणून तंत्रज्ञानाचे पान वाचण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: लिहिल्याची तारीख आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती. बियाण्याची पिशवी घेताना शेतकरी आधी तिच्यावरचे वाण आणि मुदत वाचतो, तशीच ही सवय लागली पाहिजे. शोधयंत्रात कालावधी निवडण्याची सोय असते; ती वापरून गेल्या एका वर्षातलीच पाने मागवता येतात.

अडचण आली की तिचे वर्णन आपल्या शब्दांत करण्याऐवजी पडद्यावर आलेली सूचना जशीच्या तशी, अवतरणचिन्हांत टाकून शोधावी. त्यातला स्वतःच्या फाइलचा मार्ग आणि नाव तेवढे काढून टाकावे, कारण ते दुसऱ्या कोणाच्या पानावर असणार नाही. सोबत भाषेचे नाव आणि आवृत्ती लिहावी. ठरावीक संकेतस्थळातच शोधायचे असेल तर 'साइट' हा इंग्रजी शब्द, त्यापुढे अपूर्णविराम आणि संकेतस्थळाचा पत्ता लिहिला की तेवढ्याच जागेतले निकाल येतात.

मराठीतून शोधताना लेखनातले फरक ध्यानात घ्यावे लागतात. कोणी संगणक लिहितो, कोणी कॉम्प्युटर, कोणी कंप्युटर. दोन-तीन रूपे टाकून पाहिल्यास जास्त पाने हाती लागतात. नेमकी तांत्रिक अडचण इंग्रजीत शोधावी आणि तिच्यामागची संकल्पना मराठीत वाचावी, अशी वाटणी बहुतेकांना सोयीची पडते. मराठीतल्या वाचनासाठी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत सुरू झालेला मराठी विश्वकोश आता ऑनलाइन आहे. 1 मे 2003 रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही हाताशी आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर शोधता येतात आणि पाठ्यपुस्तकातल्या संज्ञा जुळवून घ्यायला ते कामी येतात.

खरे आणि नकली

चुकीच्या पानामुळे कार्यक्रम चालला नाही तर तास-दोन तास जातात. नकली पानामुळे बँकखाते रिकामे होऊ शकते. म्हणून पत्ता वाचता येणे हे प्रत्येक घरातले कौशल्य व्हायला हवे. पत्त्याच्या सुरुवातीच्या जोड तिरप्या रेषा सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेषेच्या आधीचा भाग उजवीकडून वाचावा. केंद्र आणि राज्य सरकारची बहुतेक संकेतस्थळे 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन'वर संपतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत देणारे राज्याचे संकेतस्थळ 'महाभूमी डॉट गव्ह डॉट इन' या पत्त्याखाली आहे. शैक्षणिक संस्थांना 'एसी डॉट इन' हा शेवट मिळतो; 1972 मध्ये स्थापन झालेल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा पत्ता तसाच आहे. नावात मध्येच 'गव्ह' घालून शेवट 'डॉट कॉम'ने केलेला असेल, तर ते संकेतस्थळ सरकारी नव्हे. पत्त्याशेजारचे कुलूप एवढेच सांगते की देवाणघेवाण सांकेतिक रूपात होते आहे. समोरचा प्रामाणिक आहे याची हमी ते देत नाही.

अॅपच्या बाबतीतही हेच लागू होते. राज्यभर 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचे अॅप अधिकृत अॅप स्टोअरमधूनच घ्यावे आणि ते कोणी प्रसिद्ध केले आहे ते वाचावे. शासकीय योजनेच्या नावाने व्हॉट्सअॅपवर आलेली 'एपीके' फाइल उघडू नये. फसवणूक झालीच तर 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवले जाईल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक.

2022 च्या अखेरीस 'चॅटजीपीटी' आल्यापासून अनेकजण प्रश्न थेट कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारतात. अवघड पान सोप्या मराठीत समजून घ्यायला तिचा चांगला उपयोग होतो. पण ती चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देते आणि अस्तित्वात नसलेली आज्ञाही सुचवते. तिने दिलेला कोड चालवून पाहावा आणि महत्त्वाची गोष्ट मूळ दस्तऐवजात ताडून घ्यावी.

सापडलेले सांभाळणे

चांगले पान पुन्हा सापडेलच असे नाही. ब्राउझरमध्ये विषयवार बुकमार्क ठेवावेत आणि प्रत्येकाला एका ओळीची नोंद जोडावी. आवडत्या ब्लॉगवर नवे काय आले हे पाहायला रोज तिथे जाण्याची गरज नसते. 1999 पासून वापरात असलेल्या 'आरएसएस' या सोयीमुळे अनेक ब्लॉगांचे नवे लेख एकाच वाचक-अॅपमध्ये येतात. त्यात जाहिरातींचा आणि समाजमाध्यमांच्या निवडीचा हस्तक्षेप नसतो. पान बंद पडले असेल तर त्याचा पत्ता 'इंटरनेट आर्काइव्ह'च्या 'वेबॅक मशीन'मध्ये टाकावा. तिथे 1996 पासूनच्या पानांच्या प्रती जतन केलेल्या आहेत.

निवडलेल्या संकेतस्थळांची छोटी, तपासलेली यादी शाळेच्या संगणककक्षात किंवा ग्रंथालयात लावली, तर पुढच्या मुलांचा शोध पहिल्या पायरीपासून सुरू होत नाही. यादीत प्रत्येक थरातली दोन-तीनच नावे असावीत, प्रत्येकापुढे ते कोणासाठी आणि कशासाठी हे लिहावे आणि दर वर्षी बंद पडलेली व जुनी झालेली नावे काढावीत. यापुढची पायरी योगदानाची. मराठी विकिपीडियावर संगणकविषयक लेख कोणालाही सुधारता येतो आणि स्वतः सोडवलेली अडचण मराठी ब्लॉगवर लिहिता येते. तारीख, आवृत्ती, पूर्ण कोड आणि मूळ दस्तऐवजाचा दुवा असलेला एक मराठी लेखही पुढच्या शिकणाऱ्याचे बरेच तास वाचवतो.