पाच मीटरचे घर, तीन मीटरची झोपडी

जालना आणि शेजारच्या छत्रपती संभाजीनगर, जळगाव, अहिल्यानगर या पट्ट्यातली माणसाची गेली 25,000 वर्षे मोजली, तर त्यातली सुमारे 20,800 शेतीविना गेली. म्हणजे 83 टक्के. मोजणीचे एक टोक आहे चाळीसगाव तालुक्यातले पाटणे. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेला तुकडा सापडला, त्याचे वय सुमारे 25,000 वर्षे. दुसरे टोक प्रवरेकाठचे दायमाबाद. तिथली शेतकरी वस्ती इ.स.पू. 2200च्या सुमारास उभी राहिली.

उरलेल्या 17 टक्क्यांत दिनक्रम पार बदलला. पण हा बदल एकाच दिशेने झाला नाही. आकड्यांतली महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

इ.स.पू. 1400 ते 1000 या काळातल्या जोर्वे संस्कृतीची 200हून अधिक गावे आज माहीत आहेत. बहुतेकांचा विस्तार एक-दोन हेक्टर. इनामगाव सुमारे 5 हेक्टरचे, तर दायमाबाद सुमारे 20 हेक्टरचे. जालन्याच्या सीमेजवळचे उत्खनन पैठण तालुक्यातल्या आपेगावचे, 1976 सालचे. तिथून पुढे वाहत गेलेली गोदावरी जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा आखते.

तपशील मात्र पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात मिळतो. घोड नदीकाठच्या या गावात डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 दरम्यान 130हून अधिक घरे उघडी केली. सलग 900 वर्षांचा संसार एकाच पांढरीत थरावर थर साचलेला, म्हणून तुलना शक्य होते. पूर्व जोर्वे काळातले नेहमीचे घर चौकोनी, सुमारे 5 मीटर बाय 3 मीटर. इ.स.पू. 1000नंतरच्या उत्तर जोर्वे काळात गोल झोपड्या येतात, व्यास सुमारे 3 मीटर. क्षेत्रफळ 15 चौरस मीटरवरून 7 वर आले. घट 53 टक्के.

इथे घाई करू नये. या झोपड्या तीन-चारच्या घोळक्याने आढळतात आणि असा घोळका एकाच कुटुंबाचा असावा, असे उत्खननकर्ते म. के. ढवळीकर यांचे मत होते. तसे धरले तर तीन झोपड्यांचे 21 चौरस मीटर होतात, जुन्या घरापेक्षा जास्त. नुसत्या क्षेत्रफळावरून गरिबी सिद्ध होत नाही.

ती ताटात दिसते. पूर्व जोर्वे काळात जव हे मुख्य धान्य. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. गावाने पाण्यासाठी खणलेला पाट सुमारे 200 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 3.5 मीटर खोल. हिशेब 2,800 घनमीटर मातीचा. एका माणसाने दिवसाला 2 घनमीटर खणली असे धरले, तर 1,400 दिवसांचे काम. हे एका घराच्या आवाक्यातले नव्हे, त्यामागे कामाची वाटणी करणारे कुणीतरी हवे. पाच खोल्यांचे एक घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार सापडले, त्यावरून तो कारभारी कुठे राहत असेल याचा अंदाज येतो. उत्तर जोर्वे काळात गहू जवळपास नाहीसा होतो, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांवरची भिस्त वाढते. शेतकऱ्याची पुढची पिढी अर्धी मेंढपाळ झाली होती.

दफनांत एक अपवाद आहे. मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत घालून घराच्या जमिनीखाली पुरत. प्रौढांना आडवे निजवून, घोट्याखालचे पाय तोडून. पण पाच खोल्यांच्या त्या घराच्या अंगणात सुमारे चाळिशीचा एक पुरुष चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला मिळाला. त्याचे पाय शाबूत होते. मरणानंतरही सगळ्यांना एकच नियम नव्हता.

इ.स.पू. 1000च्या सुमारास बहुतेक जोर्वे गावे ओस पडली. इनामगाव आणखी 300 वर्षे टिकले. ढवळीकरांनी कारण दिले ते कोरड्या होत गेलेल्या हवामानाचे. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी 2011च्या पुस्तकात मुलांच्या सांगाड्यांवरून या सरळ उत्तराला आव्हान दिले. त्यांच्या मते पाऊसमान आधीपासूनच निमकोरडे होते. उत्तर जोर्वे काळात जन्म वाढले, बालमृत्यूही वाढले आणि जगलेल्या मुलांची अंगकाठी खंगलेली राहिली. मला हा पुरावा अधिक वजनदार वाटतो, कारण झोपडीचा आकार रिवाजानेही बदलतो. मुलाचे हाड अन्न कमी पडल्याशिवाय किंवा आजारपणाशिवाय असे खंगत नाही.

2011च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या 19.59 लाख होती, 2001च्या तुलनेत 21.5 टक्के जास्त. त्यातले सुमारे 81 टक्के लोक गावांत राहत होते. लोक वाढत असताना पाणी आणि जमीन कितीजणांना पुरते, हा इनामगावच्या शेवटच्या 300 वर्षांचा प्रश्न या जिल्ह्यात अजून शेतावरच सोडवला जातो आहे.