शंभर डॉलरचा लॅपटॉप आणि त्याचा हिशेब

कवीनं हिशेबाच्या वाटेला जाऊ नये असं म्हणतात. आज मात्र मी हिशेबावरच बोलणार आहे. हिशेब आहे एका लहानशा, हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचा. गरीब देशांतल्या प्रत्येक शाळकरी मुलाच्या हातात द्यायचा म्हणून तो कल्पिला गेला. गंमत अशी, की त्याची किंमत आधी ठरली आणि यंत्र मागाहून घडलं. किंमत होती शंभर डॉलर.

जानेवारी २००५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दावोस इथं जागतिक आर्थिक परिषद भरली होती. अमेरिकेतल्या एमआयटी या विख्यात संस्थेच्या मीडिया लॅबचे एक संस्थापक निकोलस निग्रोपॉन्टे यांनी तिथं ही कल्पना मांडली. तेव्हा डॉलर साधारण ४४ रुपयांना होता. म्हणजे आपल्या हिशेबानं यंत्र जेमतेम साडेचार हजारांत मिळायचं. आणि बाजारात तर लॅपटॉप याच्या कित्येक पटींनी महाग. योजनेचं नाव होतं ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’, प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप. तिच्यामागे सीमोर पॅपर्ट या गणितज्ञ-शिक्षणतज्ज्ञाचा विचार होता. मूल ऐकून शिकतं त्यापेक्षा स्वतः काही घडवताना अधिक शिकतं, आणि संगणक हे घडवण्याचं उत्तम साधन आहे, असं ते सांगत.

पण विचार कितीही चांगला असला तरी कारखान्यात विचार बनत नाहीत, वस्तू बनतात. मग शंभर डॉलरमध्ये लॅपटॉप बसवायचा कसा?

निग्रोपॉन्टे यांचं पहिलं म्हणणं असं, की लॅपटॉपच्या किमतीतला जवळजवळ निम्मा भाग जाहिरात, वितरण, विक्री आणि नफा यांतच जातो. नफा न घेणारी संस्था काढली, दुकान आणि जाहिरात वगळली आणि थेट सरकारांना लाखोंच्या संख्येनं माल विकला, तर किंमत तिथंच अर्ध्यावर येईल. उरलेली कपात यंत्राच्या पोटातून करायची. ती कशी केली, हे पाहण्यासारखं आहे.

लॅपटॉपमधला सर्वांत महागड्या भागांपैकी एक म्हणजे पडदा. मेरी लू जेपसन या अभियंता बाईंनी त्यावर काम केलं. त्यांचा साडेसात इंचांचा पडदा सावलीत आतल्या दिव्यावर रंगीत दिसे आणि भर उन्हात दिवा बंद करून कृष्णधवल वाचता येई. ज्या शाळेला छत नाही, वर्ग झाडाखाली भरतो, तिथं याचं मोल कळतं. महत्त्वाचं म्हणजे हा पडदा बनवायला नवा कारखाना लागणार नव्हता; चालू कारखान्यांतच तो तयार होईल अशी त्याची रचना होती. फिरणारी हार्ड डिस्क काढून टाकली आणि तिच्या जागी एक जीबीची फ्लॅश मेमरी बसवली. पंखाही काढला. त्यामुळे आत हलणारा भागच उरला नाही. पडलं-आपटलं तरी मोडायला कमी आणि वीजही कमी. कीबोर्ड रबराचा आणि अखंड, म्हणजे धूळ-पाणी आत शिरायला नको. लिनक्सवर आधारलेली प्रणाली मोफत. दोन बाजूंना सशाच्या कानांसारखे अँटेना उभे राहत. त्यांच्या मदतीनं एका मुलाचं यंत्र शेजारच्या मुलाच्या यंत्राशी बोले आणि निरोप हातोहात पुढे जाई. नेपाळसारख्या देशांतल्या मुलांसाठी देवनागरी अक्षरांचा कीबोर्डही तयार झाला. अक्षरांवर पोट असणाऱ्या माझ्यासारख्याला याचं विशेष कौतुक वाटतं.

नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिसच्या जागतिक परिषदेत पहिला नमुना दाखवला गेला. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान शेजारी उभे होते. यंत्राला एक पिवळा दांडा होता. तो हातानं फिरवायचा आणि वीज तयार करायची. वीज नसलेल्या गावांसाठी केवढी सुंदर कल्पना! अन्नान यांच्या हातात तो दांडा निखळून आला. पुढे प्रत्यक्ष यंत्र तयार झालं तेव्हा तो दांडा त्याला नव्हता.

आता खरा अवघड भाग येतो, संख्येचा. तो मला माझ्या कवितासंग्रहांमुळे समजला. संग्रह छापायचा तर अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, प्लेटा हा खर्च तीनशे प्रती काढा की तीन हजार, तेवढाच येतो. समजा हा खर्च तीस हजार रुपये आहे. तीनशे प्रती काढल्या तर कागद-बांधणीआधीच दर प्रतीवर शंभर रुपये बसले. तीन हजार काढल्या तर दहा. म्हणून प्रकाशक विचारतो, ग्रंथालयाची खरेदी मिळणार का? ती नक्की असेल तर पुस्तक स्वस्त देता येतं. नसेल तर पुस्तक महाग पडतं, महाग म्हणून खपत नाही, आणि खपत नाही म्हणून पुढचं आणखी महाग पडतं.

लॅपटॉपचंही तसंच. साचे, आराखडे, चाचण्या यांवरचा खर्च एकदाच करावा लागतो. सुटे भाग पुरवणाराही लाखांची मागणी असेल तरच खालचा भाव देतो. डिसेंबर २००५ मध्ये तैवानच्या क्वांटा या कंपनीची उत्पादनासाठी निवड झाली. जगातल्या नामवंत कंपन्यांसाठी लॅपटॉप बनवून देणारी ही कंपनी. योजना अशी होती, की एकेका देशानं किमान दहा लाख यंत्रांची मागणी नोंदवायची आणि सुरुवातच पन्नास लाख ते एक कोटी यंत्रांनी करायची.

आणि इथंच गाडं अडलं. अनेक राष्ट्रप्रमुखांनी हस्तांदोलनं केली, छायाचित्रं निघाली. पण हस्तांदोलन म्हणजे ऑर्डर नव्हे. थायलंडच्या पंतप्रधानांनी उत्साह दाखवला होता. सप्टेंबर २००६ मध्ये तिथं लष्करानं सत्ता घेतली. नायजेरियात २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बदलले. सरकार बदललं की आधीच्याचा शब्द नव्यावर बंधनकारक राहत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. बाजारात तुरी म्हणतात तशी गत झाली. ऑक्टोबर २००७ मध्ये पहिली पक्की मागणी आली ती चिमुकल्या उरुग्वेची, एक लाख यंत्रांची. नोव्हेंबर २००७ मध्ये चीनमध्ये उत्पादन सुरू झालं तेव्हा एका यंत्राची किंमत होती सुमारे १८८ डॉलर. अपेक्षित संख्या गाठली गेली नाही आणि शंभराचा आकडाही कधी गाठता आला नाही.

एक गोष्ट मात्र नाकारता येत नाही. स्वस्त लॅपटॉप बनू शकतो हे दिसताच मोठ्या कंपन्या जाग्या झाल्या. इंटेलनं ‘क्लासमेट’ काढला, असूसनं २००७ मध्येच ‘ई पीसी’ बाजारात आणला. सामान्य गिऱ्हाइकाला त्याचा फायदा झाला. मूळ संस्थेच्या वाट्याला स्पर्धा आली. जानेवारी २००९ मध्ये तिला आपले निम्मे कर्मचारी कमी करावे लागले.

भारताचं काय झालं? २००६ मध्ये आपल्या केंद्रीय शिक्षण खात्यानं ही योजना नाकारली. आम्हाला चकचकीत साधनांपेक्षा वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड अधिक आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तरीही २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट या छोट्या वस्तीतल्या एकशिक्षकी शाळेत बावीस मुलांना ही यंत्रं प्रयोग म्हणून दिली गेली. पुढे सरकारनं स्वतःच स्वस्त यंत्राचा ध्यास घेतला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ टॅबलेटचं उद्‌घाटन झालं. पडदा बोटाला दाद देईना, बॅटरी टिकेना अशा तक्रारी आल्या. मग आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली २०१२ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली. पण देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या हाती तो पडेल असं जे चित्र रंगवलं होतं, ते काही प्रत्यक्षात आलं नाही.

आता दोन देशांकडे पाहू. दोन्ही दक्षिण अमेरिकेतले, यंत्र दोन्हीकडे तेच.

पेरूनं आठ लाखांहून अधिक यंत्रं घेतली आणि त्यांतली बरीचशी डोंगराळ, दुर्गम शाळांत पाठवली. २०१२ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी प्रसिद्ध केली. मुलं यंत्र वापरायला शिकली होती, तर्कबुद्धीच्या चाचण्यांत थोडी पुढेही होती. परंतु गणित आणि भाषा या विषयांत काही फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. यंत्रात सुमारे दोनशे पुस्तकं भरलेली होती, तरी वाचनाची सवय वाढली नव्हती. यात मला आश्चर्य वाटत नाही. पुस्तक जवळ असणं आणि ते कुणीतरी आपल्याला वाचून दाखवणं, त्याची गोडी लावणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या शाळांपर्यंत इंटरनेट जवळजवळ पोचलंच नव्हतं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण जुजबी होतं.

उरुग्वेनं मात्र यंत्रापासून सुरुवात करून यंत्रावर थांबायचं नाही असं ठरवलं. मे २००७ मध्ये विया कार्दाल या छोट्या गावातल्या दीडशे मुलांपासून ‘प्लान सेइबाल’ सुरू झाली. २००९ अखेर सरकारी प्राथमिक शाळांतल्या साडेतीन लाखांवर मुलांच्या हाती लॅपटॉप होता. सोबत शाळांना इंटरनेट दिलं आणि दुरुस्तीची व्यवस्था उभी केली. गुण तिथंही एकदम वाढले नाहीत, अभ्यासकांनी ते स्पष्ट लिहिलं आहे. यंत्रं तिथंही मोडली. पण व्यवस्था टिकली. इंग्रजीचे शिक्षक कमी पडतात म्हणून २०१२ पासून दूरच्या शिक्षकाला पडद्यावर वर्गात आणून शिकवणं सुरू झालं. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा यंत्रं, जोडण्या आणि अभ्यासाचं व्यासपीठ त्या देशाकडे आधीपासून होतं. त्याच वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं, ते आठवा. घरात तीन भावंडं आणि वडिलांचा एकच फोन, तोही वडील कामावरून परतल्यावर मिळणार. धाकट्याचा तास सकाळीच संपलेला असे. म्हणून मुलाच्या हातात यंत्र असणं ही चैन आहे असं म्हणायला मी तयार नाही. पेरूचा निष्कर्ष पुढे करून गरिबाच्या मुलाला काही नकोच, असं सुखवस्तू माणसानं म्हणणं तर फारच सोपं आहे.

मग या सगळ्यातून घ्यायचं काय? शंभर डॉलर हा आकडा चुकला, हा त्यातला लहान भाग. मोठा भाग असा, की हिशेब फक्त कारखान्याच्या दारापर्यंत मांडला गेला. दारातून बाहेर पडलेल्या यंत्राला रोज वीज लागते, दोन-तीन वर्षांनी नवी बॅटरी लागते, मोडलं तर दुरुस्त करणारा माणूस लागतो. मुलाच्या भाषेत मजकूर लागतो. आणि या सर्वांच्या आधी, यंत्राचा उपयोग कशासाठी करायचा हे जाणणारा शिक्षक लागतो. हा खर्च दर वर्षी येतो आणि त्याचं उद्‌घाटन करता येत नाही. म्हणून तो अंदाजपत्रकात सहसा मागे पडतो.

टॅबलेट, लॅपटॉप, डिजिटल फळा अशा योजना येतच राहणार. आपल्या गावच्या शाळेत यातलं काही आलं तर त्याचं स्वागत जरूर करा. शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना जागा दिली आहे. तिथं बसून चार प्रश्नही विचारा. हे बिघडलं तर कोण आणि किती दिवसांत दुरुस्त करणार? बॅटरीचे पैसे कुठून येणार? बाईंना-गुरुजींना याचं शिक्षण कधी आणि किती दिवस मिळणार? आणि संध्याकाळी हे मुलाच्या घरी जाणार, की कपाटात कुलूपबंद राहणार?

चारही उत्तरं लेखी मागा. समितीच्या वहीत त्यांची नोंद झाली, की पुढच्या वर्षी त्यांच्यावर बोट ठेवून विचारता येतं.