पळायचे बूट रोज घालावेत का?



पहाटे मुरबाडहून टोकावड्याकडे निघा, नाहीतर शहापूरहून किन्हवलीकडे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली रस्त्यावर धावताना दिसतात. भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावावं लागतं. पुष्कळांच्या पायांत जाड, मऊ तळाचे बूट असतात. मग घरचे विचारतात, "एवढे पैसे मोजले, तर हेच बूट कॉलेजला, बाजाराला का चालू नयेत?"

प्रश्न रास्त आहे. चालतील, पण एकाच जोडावर दोन्ही कामं घेतली तर तो ऐन वेळी दगा देईल. कसा, ते पाहू.

या बुटाचा तळ हलक्या फेसाचा असतो. त्यात हवेचे असंख्य बारीक कप्पे असतात. धावताना प्रत्येक पावलाला आपल्या वजनाच्या दुपटी-तिपटीचा भार पडतो. फेस दबतो, भार सोसतो, पुन्हा फुगतो. पण कापसाची गादी जशी वापरून चेपते, तसा हा फेसही चेपतो. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धावल्यावर त्याचा दम संपत येतो. रोज ४ किलोमीटर धावणाऱ्याचे ५०० किलोमीटर सव्वाशे दिवसांत भरतात. त्यातच दिवसभर तेच बूट पायांत राहिले, तर तो दिवस आणखी लवकर येतो. आणि गंमत अशी, की वरून बूट नवाच दिसतो! नडगी, गुडघा दुखू लागला, तळाला सुरकुत्या पडल्या, किंवा सपाट फळीवर ठेवलेला बूट मागून कललेला दिसला, की समजावं, फेस बसला.

आता आपल्या पावसाचं. जाळीच्या कापडातून पाणी आत शिरतं. ओला बूट दिवसभर पायांत राहिला, की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्याच म्हणून समजा. पावसात रोजच्या वापराला रबरी किंवा प्लास्टिकच्या सँडल बऱ्या. खाचरात गमबूट असला तर उत्तम. बांधावरून, दगडधोंड्यांतून जाताना उंच, मऊ तळ डुगडुगतो आणि घोटा मुरगळतो. भिजलेला बूट चुलीजवळ वाळवू नका. आत कागद कोंबून सावलीत ठेवा.

मात्र डांबरी रस्त्यावर लांब चालणाऱ्याला किंवा दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याला असा बूट सुखाचाच. मधुमेह असलेल्यांनी तर अनवाणी फिरूच नये. मऊ, न चावणारा बूट घालावा आणि पाय रोज तपासावेत.

बूट घ्यायचा तो संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. मोजे घालून दोन्ही पायांत घालून पाहा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी.

गुरुजी, एक विनंती तुम्हांला. बूट नाही म्हणून कुणा मुलाला शर्यतीतून बसवू नका. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन जिंकला. १९६४ साली तोच टोकियोत बूट घालून जिंकला. मैदानातले खडे, काचा वेचून घ्या आणि पोराला पळू द्या.

तेव्हा ज्याला भरती गाठायची आहे, त्याने पळायचा जोड पळण्यापुरताच ठेवावा. रोजच्या वाटेला साधी चप्पल पुरे.